वाफताई गेल्या

फोन वाजला की वाफताईंच्या पोटात गोळा यायचा. मग तो कुणाचाही असो. सख्ख्या बहिणीचा असो, गॅसवाल्याचा असो, नाहीतर चुकून लागलेला असो. आधी हात गार पडायचे, मग घशाला कोरड पडायची आणि मग त्या फोनकडे असं काही बघायच्या की जणू तो उडी मारून चावणार आहे.

याला कारण होतं. एकोणीस वर्षं त्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायचं काम करत होत्या. वापरलेल्या कात्र्या, चिमटे, वाट्या वरून खाली यायच्या. त्या धुवायच्या, पुसायच्या, कापडात बांधायच्या आणि वाफेच्या भल्यामोठ्या यंत्रात घालायच्या. यंत्राचं दार उघडलं की पांढरा लोट बाहेर पडायचा आणि त्या लोटातून ही बुटकी, घामाघूम बाई पुढे यायची. म्हणून त्या वाफताई. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

त्या तळघराच्या भिंतीवर एक फोन होता. तो वाजायचा तो एक तर काहीतरी कमी पडलं म्हणून, नाहीतर काहीतरी चुकलं म्हणून. ‘आज सगळं छान झालं हो’ असं सांगायला त्या फोनवर कधी कुणी आलं नाही. पलीकडे बहुतेक वेळा असायच्या मोठ्या सिस्टर. वरच्या शस्त्रक्रिया विभागाच्या त्या प्रमुख. आवाज असा, की फोन कानाला लावायची गरजच नाही.

“कात्र्यांचं गाठोडं कुठंय? रुग्ण टेबलावर आहे इथे!”

“हो सिस्टर, पाठवते सिस्टर,” वाफताई म्हणायच्या. आणि यंत्राचा वेळ भरला की मगच पाठवायच्या. मधल्या वेळात पुन्हा दोनदा फोन वाजायचा आणि पुन्हा दोनदा “हो सिस्टर, पाठवते सिस्टर.” फोन ठेवल्यावर जे काही मनात असेल ते त्या यंत्राला ऐकवायच्या. यंत्र बिचारं गरमच असायचं, त्याला फरक पडत नसे.

मग एके दिवशी रुग्णालयाने हे काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरवलं. तळघर बंद झालं. वाफताईंच्या शेवटच्या दिवशी वर एक मोठी शस्त्रक्रिया चालू होती, सगळे त्यात गुंतलेले. वर जाऊन निरोप घ्यावा असं त्यांच्या मनात आलं, पण वर आपल्याला विचारतंय कोण, असंही आलं. त्यांनी ॲप्रन खुंटीला अडकवला, खोलीला कुलूप लावून किल्ली पहारेकऱ्याकडे दिली आणि घरी गेल्या.

त्याच सुमाराला त्यांच्या राहत्या इमारतीतल्या सगळ्यांना जागा सोडायची नोटीस आली. इमारत पाडायची होती. नवऱ्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानात काम मिळालं आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्याही मिळाल्या. तो सामान घेऊन पुढे गेला. उरलंसुरलं आवरून पाठोपाठ वाफताई गेल्या. मुलीची परीक्षा होती, म्हणून ती तेवढे दिवस मावशीकडे राहिली. या हलवाहलवीत वाफताईंचा फोन पाण्याच्या बादलीत पडला. मुलीने नवा फोन आणला, नंबरही नवा घेतला. जुन्या लोकांना तो कळवायचा तर फोन करावा लागला असता. ते राहूनच गेलं.

काही महिने घरी बसल्यावर वाफताईंना भिंती खायला उठल्या. मुलीने शोधून शोधून एका नव्या रुग्णालयाची जाहिरात काढली. त्यांचंच काम, जागा पर्यवेक्षकाची, तीही नव्या यंत्रांवर. अर्जात दोन ओळखीच्या माणसांची नावं द्यायची होती. एक खालच्या दुकानदाराचं दिलं. दुसरं मुलीने परस्पर मोठ्या सिस्टरांचं घातलं.

“अगं बाई! त्या माझ्याबद्दल काय चांगलं बोलणार?”

“एकोणीस वर्षं तुझं काम त्यांच्याइतकं कुणी पाहिलंय, आई? फक्त तू त्यांना आधी फोन करून सांग.”

“करते, करते,” वाफताई म्हणाल्या. आज करते, उद्या करते, असं करत त्यांनी तो फोन केलाच नाही.

आणि मग निरोप आला, की मुलाखतीची पहिली फेरी फोनवर होईल. गुरुवारी सकाळी.

वाफताईंचं धाबं दणाणलं. समोर बसून विचारा म्हणावं, हवं तर हत्यारं धुऊन दाखवते, पण फोनवर? त्यांनी जेवण टाकलं. मुलीने मात्र कंबर कसली. घरात रोज संध्याकाळी मुलाखतीचा सराव सुरू झाला.

पहिल्या दिवशी साहेब झाला नवरा. मूठ कानाला लावून तो पलंगावर ऐटीत बसला.

“हॅलो, मी साहेब बोलतोय.”

“कुठले साहेब?”

“मोठे साहेब. बाई, तुमच्यातली कमतरता सांगा.”

“गुडघा,” वाफताई तत्काळ म्हणाल्या. “उजवा.”

मुलीने कपाळाला हात लावला. मग तिने इंटरनेटवर वाचलेले उपाय एकेक करून आईवर करून पाहिले. सावकाश श्वास आत घ्यायचा, धरून ठेवायचा, सोडायचा. वाफताईंनी तो इतका वेळ धरून ठेवला की त्यांना घेरीच आली. फोनवर बोलताना हसरा चेहरा ठेवायचा, म्हणजे आवाज हसरा येतो. त्या आरशासमोर हसत बसल्या. नवऱ्याने जाता जाता विचारलं, “दाढ दुखतेय का गं?” मग उत्तरं लिहून कपाटाच्या दारावर चिकटवली. पण मुलगी गच्चीत जाऊन खराखुरा फोन लावायची, तो वाजायचा आणि कपाटावरची अक्षरं वाफताईंच्या डोळ्यांसमोर मुंग्यांसारखी पळायला लागायची. तोंडातून निघायचा तो फक्त एक बारीक “नमस्का…”

शेवटी उपाय सापडला तो अचानक. वाफताई धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. मुलीने मागून सहज विचारलं, “आई, एकाच वेळी दोन विभागांनी घाई केली तर तू काय करायचीस?” आणि वाफताई घडीचा कोपरा आत दुमडत, मान वर न करता, सगळं सांगत गेल्या. आधी कुणाचं, मग कुणाचं, का, आणि ओरडणाऱ्याला काय उत्तर द्यायचं. सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण बोललो.

“बस!” मुलगी ओरडली. “टॉवेल! तुझ्या हातांना काम पाहिजे.”

गुरुवारी सकाळी टेबलावर घरातले यच्चयावत टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे असा ढीग रचला होता. फोन स्पीकरवर टाकून मध्ये ठेवला होता. मुलीने कॉलेज बुडवलं होतं. नवऱ्याने खाली मालकाला सांगून पंप चालू करून बघायचं काम थोडा वेळ थांबवलं होतं आणि तो दाराशी पहाऱ्याला बसला होता. वाफताईंनी पाण्याचे दोन घोट घेतले, पहिला टॉवेल उचलला आणि फोन वाजला.

“नमस्कार,” वाफताई म्हणाल्या. आवाज चक्क नीट आला. मुलीने अंगठा दाखवला.

पलीकडून एका बाईंचा मऊ, जपून बोलणारा आवाज आला. “नमस्कार. मी रुग्णालयाच्या भरती विभागातून बोलतेय. तुम्ही घरच्याच का?”

“हो, घरूनच बोलतेय.”

“फोन करावा की नाही, याच विचारात होते. पण म्हटलं, घरच्यांना कळवलेलं बरं. तो अर्ज आम्ही बंद करतोय.”

वाफताईंचा हात थांबला. “माझं काही चुकलं का मॅडम? मी तर अजून काही बोललेच नाही.”

“नाही हो, तुमचं काय चुकणार? झालं ते फार वाईट झालं. धीर धरा.”

वाफताईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीने खांदे उडवले. धीर धरायचाच तर त्या आठवडाभर धरतच होत्या.

“पण आज मुलाखत होती ना?”

“हो, त्यांचीच होती.”

“मग घ्या ना.”

“कुणाची?”

“माझी.”

आता आवाजातला मऊपणा थोडा कमी झाला. “तुम्ही नक्की कोण बोलताय?”

“अर्ज केलाय ती मीच.”

“हे बघा,” मॅडम म्हणाल्या, “अर्जात ज्या सिस्टरांचं नाव आहे, त्यांच्याशी मी आत्ताच बोलले. त्या म्हणाल्या, त्या गेल्या. बोलता बोलता रडल्या हो त्या.”

“कोण गेल्या?”

मॅडमनी नाव सांगितलं. अर्जात होतं तसं, पूर्ण, आडनावासकट. वाफताईंचं.

आपलं नाव आणि त्यापुढे ‘गेल्या’, हे कानावर पडल्यावर माणसाचं काय होतं ते सांगणं अवघड आहे. वाफताईंना खोलीतले सगळे आवाज एकदम लांब गेल्यासारखे वाटले. टॉवेल हातात तसाच अर्धा दुमडलेला राहिला. आणि कुणाच्याही जाण्याची बातमी ऐकल्यावर तोंडून जे आपोआप निघतं, तेच त्यांच्या तोंडून निघालं.

“कधी?”

“झाले म्हणे बरेच दिवस.”

“कशाने?”

मुलीने टेबलावर झेप घेतली. “मॅडम, माझी आई जिवंत आहे! माझ्यासमोर बसलीय! तुमच्याशी बोलतेय ती आईच आहे!”

“ताई,” मॅडम आता अगदी कोरड्या झाल्या होत्या, “तुमच्या घरावर प्रसंग आलाय हे मी समजू शकते. पण गेलेल्या माणसाच्या प्रमाणपत्रांवर दुसऱ्याच कुणी नोकरी मागायची, असले प्रकार आम्ही पाहिलेत. हा गुन्हा आहे. मी वर कळवायच्या आत हे इथेच थांबवा.”

फोन बंद झाला.

नवरा दाराशी बसल्या बसल्या हसायला लागला. “बघ म्हणजे! तू गेलीस आणि मला पत्ताही नाही!”

“बाबा!” मुलगी ओरडली.

त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. वाफताई आपल्याच डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून बसल्या होत्या. नाडी बघतात तशी. चेहऱ्यावर रंग नव्हता.

“अगं, कुणीतरी वेड्यासारखं काहीतरी सांगितलं असणार,” नवरा जवळ येत म्हणाला.

“रडल्या म्हणे,” वाफताई म्हणाल्या.

“कोण?”

“मोठ्या सिस्टर.”

आपण मेलो हे ऐकून बसला होताच धक्का, पण त्यांच्या डोक्यात अडकून बसलं होतं ते दुसरंच. मोठ्या सिस्टरांना एकोणीस वर्षांत त्यांनी रडताना सोडाच, खुर्चीला पाठ टेकून बसलेलंही पाहिलं नव्हतं. त्या बाई रडल्या? कुणासाठी? कुठेतरी काहीतरी फार मोठी गफलत झाली होती आणि ती नुसती मरणाची नव्हती.

“लाव फोन त्यांना,” नवरा म्हणाला.

मेल्यावरही या बाईला फोनची भीती वाटत होती.

“आई, मी बोलू?”

“नको. तुझा आवाज त्या ओळखणार नाहीत.” त्यांनी फोन जवळ ओढला. वरच्या विभागाचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. या वेळी त्यांनी ना श्वास मोजला, ना टॉवेल हातात घेतला. आकडे दाबताना बोट दोनदा चुकलं.

“शस्त्रक्रिया विभाग!” तोच आवाज. खोलीभर घुमला.

“सिस्टर, मी वाफताई.”

पलीकडे स्टीलचं काहीतरी दणकन खाली पडलं आणि घरंगळत गेलं. मग मोठ्या सिस्टर बोलल्या, पण तो आवाज कापत होता. “कोण आहे? लाज नाही वाटत? गेलेल्या माणसाची चेष्टा करता?”

फोन आपटला गेला. वाफताई नुसत्या बघत राहिल्या. त्यांना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं होतं. नवऱ्यानेच पुन्हा नंबर लावला. या वेळी कुणा तरुण नर्सने उचलला. “सिस्टरांना बरं वाटत नाहीये, कोण बोलतंय?” आणि तिच्या मागून मोठ्या सिस्टरांची हाक आली, “ठेव म्हणते ना तो फोन!”

हुकूम त्या नर्ससाठी होता. पण वाफताईंच्या जिभेला इतक्या वर्षांचं वळण.

“हो सिस्टर, ठेवते सिस्टर,” त्या बोलून गेल्या.

पलीकडे पावलं वाजली. कुणीतरी फोन हातात घेतल्याचा खरखराट झाला.

“परत म्हण,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. अगदी हळू.

“काय सिस्टर?”

“तेच.”

“हो सिस्टर, ठेवते सिस्टर.”

मग एकदम स्फोट झाला. “मेली कुठे होतीस गं इतके दिवस!”

आणि स्वतःचेच शब्द ऐकून मोठ्या सिस्टर गप्प झाल्या. इकडेही कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने फोनमधून हुंदका आला. वाफताई दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसल्या. काय करावं त्यांना सुचेना. मोठ्या सिस्टरांना ‘रडू नका’ असं कसं सांगायचं? ते कुणी सांगितलं असेल का कधी?

“सिस्टर, तुम्हाला कुणी सांगितलं की मी…”

“तुझ्या घरी गेले होते मी,” मोठ्या सिस्टर नाक ओढत म्हणाल्या. “तुझा फोन लागेना. महिना झाला, पत्ता नाही. सुट्टीच्या दिवशी वॉर्डातल्या आयाबाईंना घेऊन बसने गेले. तुझ्या खोलीला कुलूप. खाली इमारतीतले एक म्हातारे काका बसले होते. विचारलं, वाफताई आहेत का? त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, दोनदा विचारलं. तर म्हणाले, त्या गेल्या. मी म्हटलं, अहो कधी? म्हणाले, झाले की बरेच दिवस. आधी त्यांचे मिस्टर गेले, पाठोपाठ त्या गेल्या.”

“म्हणजे मीपण?” नवरा मागून किंचाळला.

“ते कोण बोलतंय?”

“मिस्टर,” वाफताई म्हणाल्या.

मोठ्या सिस्टरांनी मोठा श्वास घेतला. “मी तिथेच पायरीवर बसले. मी विचारलं, आणि मुलगी? तर म्हणाले, ती बिचारी मावशीकडे आहे. वर मलाच धीर दिला त्यांनी. म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, आज ना उद्या आम्हालाही जायचंच आहे.”

वाफताईंनी डोळे मिटले. काकांचा एक शब्द खोटा नव्हता. नवरा आधी गेला होता, पाठोपाठ त्या गेल्या होत्या, मुलगी मावशीकडे होती आणि इमारत पाडायची म्हटल्यावर आज ना उद्या काकाही जाणार होते. त्यात काकांच्या पदरचं होतं ते एक ‘बिचारी’.

“सिस्टर, आम्ही घर बदललं हो.”

“कळलं आता!” आवाज पुन्हा नेहमीच्या पट्टीत चढला. “आणि मला का नाही कळवलंस? सांगून का नाही गेलीस?”

“तुम्ही कामात होतात. मोठी केस होती.”

“मी कामातच असते. म्हणून काय झालं?” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “केस संपवून खाली आले होते मी त्या दिवशी. तर कुलूप.”

मोठ्या सिस्टर एकोणीस वर्षांत कधी त्या तळघराचा जिना उतरल्या नव्हत्या. निदान वाफताईंना तसंच माहीत होतं. वाफताई वर जायला बिचकल्या होत्या, आणि मोठ्या सिस्टर खाली उतरल्या तेव्हा वाफताई निघून गेल्या होत्या. हे इतके दिवस तसंच पडून होतं आणि त्यांना ठाऊकही नव्हतं. सकाळपासूनच्या सगळ्या धक्क्यांत हा त्यांना खोलवर लागला.

“त्या भरतीवाल्या बाईंचा नंबर दे,” मोठ्या सिस्टरांनी फर्मावलं. “मी बघते.”

त्यांनी काय बघितलं कोण जाणे, पण दुपारी पुन्हा फोन आला. आता टेबलावरचा ढीग कुणी तरी पलंगावर लोटला होता. मुलगी चहा ठेवायला उठली होती. वाफताई एकट्याच होत्या आणि त्यांनी फोन पहिल्या घंटीला उचलला. घाबरायला अंगात जागाच उरली नव्हती.

“ताई, सकाळी मी तुम्हाला जे बोलले…” मॅडमचा आवाज ओशाळला होता. “म्हणजे, ते गुन्हा वगैरे…”

“असू द्या मॅडम. तुम्ही तरी काय करणार? मला स्वतःलाच क्षणभर खरं वाटलं होतं.”

मॅडमना यावर हसावं की नाही कळेना. घसा साफ करून त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. वाफताई उत्तरं देत गेल्या. कपाटावर चिकटवलेली नव्हेत, तशीच, सुचतील ती. मध्येच त्यांचा आवाज चिरकला, एक प्रश्न त्यांना दोनदा विचारावा लागला, आणि नव्या यंत्राबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, “ते मी पाहिलेलं नाही. शिकवलंत तर शिकेन.”

“तुमच्यातली कमतरता काय वाटते तुम्हाला?”

“मला फोनची भीती वाटते,” वाफताई म्हणाल्या. “त्या भीतीपायी सिस्टरांना वेळेवर कळवलं नाही. म्हणून सकाळी मेले.”

या वेळी मॅडम खरंच हसल्या. मग म्हणाल्या, “एक सांगू का? सिस्टर सकाळी तुमच्याबद्दल फार चांगलं बोलल्या होत्या. पण ते गेलेल्या माणसाबद्दल होतं. म्हणून मी आत्ता मुद्दाम परत विचारलं.”

वाफताईंनी ओठ आवळले. “मग काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, हट्टी आहे. मी कितीही ओरडले तरी वेळ भरल्याशिवाय यंत्राचं दार उघडायची नाही. तोंडाने हो म्हणायची आणि करायचं तेच करायची.” मॅडम जरा थांबल्या. “सकाळी त्यांनी हीच गोष्ट सांगितली होती. फक्त तेव्हा हट्टी म्हणण्याऐवजी प्रामाणिक म्हणाल्या होत्या.”

पुढची फेरी समोरासमोर झाली. तिथे एक डॉक्टरही होते आणि वाफताई तिथेही थोड्या अडखळल्याच. पर्यवेक्षकाची जागा काही त्यांना मिळाली नाही. ती एका शिकलेल्या मुलीला मिळाली आणि ती मुलगी चांगली होती. वाफताईंना तिच्या हाताखाली घेतलं, सहा महिन्यांच्या बोलीवर. घरी आल्यावर नवऱ्याने खालून मालकालाही वर बोलावलं आणि सगळ्यांनी मिळून चहा घेतला. फोनची भीती गेली म्हणावं, तर तसं काही झालं नाही. नव्या ठिकाणीही भिंतीवर एक फोन आहे आणि तो वाजला की अजूनही त्यांचे हात गार पडतात. गार हातांनी त्या तो उचलतात.

कामावर रुजू व्हायच्या आधी एक दिवस त्या जुन्या रुग्णालयात गेल्या. शस्त्रक्रिया विभागाच्या दाराशी त्यांना बघून दोन नर्स जागच्या जागी थबकल्या. एकीने जवळ येऊन त्यांच्या दंडाला हात लावून पाहिला, अगदी नकळत, आणि मग लाजली. कळलं की, बातमी आली त्या दिवशी सगळे त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभे राहिले होते. फोटो कुठून आणणार? तळघरात कुणी कधी फोटो काढले नव्हते. वरच्या विभागाच्या एका जुन्या समूहचित्रात कडेला, दाराआडून डोकावणारा त्यांचा अर्धा चेहरा होता. तोच मोठा करून ठेवला होता. त्या नर्सनी तो आपल्या फोनवर दाखवला. वाफताई त्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. हे सगळं आपल्याविना घडलं, आपल्यासाठी घडलं, आणि त्या दिवशी आपण बहुधा नव्या खोलीचे पडदे शिवत बसलो होतो.

आयाबाई मात्र लांबच उभ्या होत्या. पायरीवर त्यांनीच मोठ्या सिस्टरांना सावरलं होतं. खूप वेळाने त्या पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, “आणि तुमचे मिस्टर?”

“आहेत हो. पंप दुरुस्त करतायत.”

“बरं झालं बाई.”

मोठ्या सिस्टर आतून आल्या, तोंडावर पट्टी तशीच. वाफताईंना आपादमस्तक न्याहाळून “पाच मिनिटं थांब” म्हणाल्या आणि परत आत गेल्या. पाच मिनिटांचा तास झाला. मग दोघी नर्सांच्या खोलीत चहाचे पेले घेऊन समोरासमोर बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मोठ्या सिस्टर पेल्यात बघत होत्या, वाफताई खिडकीबाहेर.

“सिस्टर,” शेवटी वाफताईंनी विचारलं, “त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही काय बोललात माझ्याबद्दल? या मुली सांगत नाहीत.”

“ते आता कशाला?”

“असंच.”

“ते ठेवलंय जपून. खरोखर लागेल तेव्हा बोलीन.”

“आणि तुम्हीच आधी गेलात तर?”

मोठ्या सिस्टरांनी मान वर केली. बघता बघता त्यांच्या डोळ्यांच्या कडा पुन्हा ओल्या झाल्या, आणि आवाज मात्र दारापलीकडच्या नर्सांनाही ऐकू जाईल इतका चढला.

“मग तू बोल! बघू तरी काय बोलतेस ते!”